इंजिन तुमचं, जागा आमची

आप्पा, तुम्ही गेल्याची बातमी मला एका अनोळखी माणसानं ओरडून सांगितली.

सकाळची वेळ होती, गिरणीत गर्दी. बाया आपापल्या पाट्या पुढं सरकवत बसल्या होत्या. दौंडहून आलेला एक ट्रक रस्त्यात थांबला आणि ड्रायव्हर दारात येऊन काहीतरी बोलला. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू येईना. मी हातानं खूण केली, मोठ्यानं बोला. तेव्हा तो बिचारा तोंडाशी हात धरून ओरडला, "आप्पा गेलं! वखारवालं आप्पा! काल सांजच्याला!"

मी इंजिन बंद केलं. चाक लगेच थांबत नाही. ते फिरत फिरत थांबलं. मग रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी ह्या गिरणीतलं पहिलं आप्पा का गं? लई गुणाचा माणूस. तुला गिरणी देऊन गेला."

एरवी मी तिला तिथंच अडवलं असतं. हे वाक्य मी आजवर कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. गिरणी तुम्ही मला दिली नाहीत, मी विकत घेतली. सगळ्यांसमक्ष, रास्त भावानं. पण त्या सकाळी मी ते तसंच जाऊ दिलं. बायांची पिठं-दाणे परत करून मी दाराला कुलूप लावलं आणि दौंडची एस.टी. धरली.

पोचले तेव्हा तुम्हाला नदीवर नेऊन झालं होतं, म्हणजे तुम्ही नव्हताच. बाहेर पुरुषमाणसं ओल्या धोतरांनी बसली होती. मी तुम्हाला शेवटचं पाहिलं नाही. माझ्या मालकांना तुम्ही खांदा दिला होतात, कब्रस्तानापर्यंत कुणाला खांदा बदलू दिला नव्हतात. मला तुमचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात ते आठवतं. माझे मालक, इब्राहिम, तेव्हा दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. सुट्टीला शिरूरला आले की गावची माणसं काही ना काही दुरुस्तीला घेऊन यायची. तुमच्या न्हावऱ्याच्या मळ्यातलं ऑइल इंजिन अडलं होतं. हे सकाळी तुमच्याबरोबर गेले ते दुसऱ्या दिवशी परतले. कपडे तेलानं काळे, आणि पिशवीत तुमच्या मळ्यातली वांगी. "इंजिन काही खास नाही, माणूस चांगला आहे," एवढंच म्हणाले.

पुढं लागोपाठ दोन उन्हाळे तुमची विहीर आटली आणि इंजिन पोत्याखाली झाकून पडलं. तुम्हीच आमच्या ओट्यावर बसून म्हणालात, "इभ्राम, ह्याला कायतरी धंदा लाव. बसून बसून गंजाया लागलंय." आमचं घर रस्त्याला लागून होतं. पुढची खोली मोकळी केली, बैलगाडीतून इंजिन आणलं, पुण्याहून दगड आणले. इंजिन तुमचं, जागा आमची, आणि हात दोघांचे. यांनी नोकरी सोडली. माझा जीव उडाला होता, पण तुम्ही दोघं असे खुशीत होता की मला बोलायला धीर झाला नाही.

पहिल्या दिवशी नवे दगड साफ व्हावेत म्हणून तुमचीच ज्वारी दळलीत. ते पीठ टाकायचं असतं. पण तुम्ही हट्ट धरलात, "पहिलं पीठ हाय, भाकरी झालीच पायजे." मी केल्या. दाताखाली कचकच वाजत होती आणि तुम्ही दोघं एकमेकांकडं बघत, भाकरी कशी गोड झालीय म्हणून मला सांगत होता. शेवटी यांना हसू आवरेना. तुम्ही ताट बाजूला सारून पोट धरून हसत बसलात. तुमचं ते हसणं रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. तुमची सगळी वर्षं मी नंतर पाहिली आप्पा, पण तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

आठवड्याच्या तापानं हे गेले. आमची मुलगी शकीला तेव्हा रांगत होती.

माझी इद्दत, नवरा गेल्यावर बाईनं घरात बसायचे ते चार महिने, चालू होती तेव्हा तुम्ही दर बाजारच्या दिवशी अंगणात यायचात. मी दाराच्या आड. तुम्ही आमचा वाटा ओट्यावर ठेवून दुसरीकडंच बघत म्हणायचात, "भाबी, ठीवलंय. पोरगी बरी हाय न्हवं?" आणि उत्तराची वाट न बघता निघायचात. इद्दत संपली त्याच आठवड्यात तुम्ही ओट्यावर टेकलात.

"भाबी, एक इचार हाय. इभ्रामचा वाटा मला देऊन टाका. जागेचं भाडं चालू ठीवतो. वाट्याचं जे व्हईल ते देतो. तुमी पोरीकडं बघा."

"आणि मीच गिरणीत बसले तर?"

"तुमी?"

"हो. शकीलाच्या अब्बांच्या जागी."

"तिथं पट्टा फिरतो, भाबी. धूर, धूळ. बाईमाणसाचं काम न्हाई ते."

"दळण घेऊन येतात त्या सगळ्या बायाच आहेत, आप्पा."

तुम्ही उठून गेलात. मला वाटलं, आता माझ्या दिराला घेऊन येतील आणि दोघं मिळून मला गप्प करतील. दुसऱ्या दिवशी मी शकीलाला शेजारी ठेवून गिरणीत आले, तर पट्ट्याभोवती लाकडी कठडा उभा होता. बाभळीचं लाकूड अजून ओलं होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकासाठी. परवा एकीचा पदर जाता जाता वाचला."

मी नंतर येणाऱ्या प्रत्येकीला विचारून पाहिलं. कुणाचा पदर वाचला नव्हता.

मग आपण कित्येक वर्षं एका खोलीत काढली. इंजिन तुमच्याकडं, काटा आणि दळणाचे पैसे माझ्याकडं. नवे पैसे आले तेव्हा म्हाताऱ्या बाया गोंधळायच्या, आण्याचे किती आणि दोन आण्यांचे किती म्हणून रडकुंडीला यायच्या, आणि तुम्ही इंजिन सोडून त्यांच्यापुढं उकिडवे बसून दाणे मांडून समजावायचात. मला हँडल मारायला तुम्हीच शिकवलंत. "अंगठा बोटांच्या बाजूनंच ठीवा, भाबी. येढा घालू नका. हँडल उलटा फिरला तर मनगट घिऊन जाईल." पहिल्यांदा माझ्या हातानं इंजिन सुरू झालं तेव्हा मी लहान पोरीसारखी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही तोंड फिरवून बाहेर गेलात.

तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोलायचात. हसत तर नव्हताच. मी मनात धरून बसले होते की बाई भागीला आली ते तुम्हाला आवडलेलं नाही. सकाळी तुम्ही गिरणीत शिरायच्या आधी दाराशी क्षणभर थांबायचात, जड काहीतरी उचलायचं असावं तसे. ते माझ्यामुळं, असंच मला वाटायचं. आणि मी अजून ताठ व्हायची.

मग गावात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी भिंतीवर कोळशानं आपल्या दोघांची नावं लिहिली. तुम्ही ओल्या पोत्यानं ती पुसलीत, मला दिसायच्या आधी. मला दिसली होती. काही दिवसांनी तुमच्या घरच्या, अनुसयावहिनी, न्हावऱ्याहून आल्या, पदरात शेर-दोन शेर ज्वारी बांधून. दळून झाली तरी उठल्या नाहीत. दिवसभर समोरच्या भिंतीला टेकून बसल्या. तुम्ही इंजिनाशी, मी काट्याशी, आणि त्या बघत. संध्याकाळी उठताना माझ्याजवळ येऊन हळू म्हणाल्या, "बाई, तुजं काय चुकत न्हाई. मी बघितलं. पर माझ्या घरात घास ग्वाड लागंना."

त्यांच्यावर मला राग धरता आला नाही. त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "भाबी, आता भागी मोडलेली बरी." मीही हो म्हटलं. प्रश्न एकच होता, कुणी उठायचं.

गावातल्या म्हाताऱ्या मास्तरांच्या ओसरीवर बसलो आपण. तुम्ही, मी, माझा दीर. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की गिरणी तुम्ही घेणार. तुमचा मुलगा वसंता हाताशी आला होता, त्याला धंदा हवा होता. माझ्या दिरानं सहीसुद्धा कुठं करायची ते विचारून घेतलं. तेव्हा मी म्हणाले, "गिरणी मी घेते."

दीर म्हणाला, "गप बस."

मास्तर समजुतीनं बोलले, "अगं बाई, इंजिन आप्पांचं. त्यांनी ते उचलून नेलं तर तुझ्याकडं नुसत्या भिंती राहतात."

"जागा माझी आहे, मास्तर. ती मी नाही दिली तर आप्पांकडं नुसतं लोखंड राहतं."

शकीलाला घेऊन मी कुठं जाणार होते? दिराच्या स्वयंपाकघरात. तिथं माझी जागा कुठली, ते मला ठाऊक होतं. मास्तर काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "त्यास्नी द्या. त्या म्हणतील तो भाव मला मान्य हाय."

मला संताप आला. मी म्हणेन तो भाव म्हणजे काय? मी मास्तरांना सांगितलं, इंजिनातलं कळणारा माणूस आणा, तो ठरवील ते मी देईन. त्यानं ठरवलं. माझ्या पाटल्या गेल्या, बाकीचं मी सुगीला सुगीला फेडलं, एक पै ठेवली नाही. आणि तुम्ही त्या संध्याकाळी पायतान घालून निघालात ते मागं वळून न बघता. गिरणीत पुन्हा पाय ठेवला नाहीत. शिरूरला बाजाराला आलात तरी पलीकडच्या रस्त्यानं जायचात.

मळ्याच्या तोवर भावाभावांत वाटण्या झाल्या होत्या. तुम्ही बिऱ्हाड दौंडला नेलंत, रेल्वेच्या रुळाजवळ कडब्याची वखार घातलीत. ती कधी चालली नाही आणि कधी बंदही पडली नाही. वसंता मालधक्क्यावर हमाली करायला लागला. हे मला इतरांकडून कळायचं, आणि सांगणारा शेवटी हमखास म्हणायचा, "तुझ्यासाठी केलं गं आप्पानं." मी भांडायची. म्हणायची, विकत घेतलीय. पण घरी आले की घास उतरायचा नाही.

बहिणीच्या मुलीच्या लग्नाला दौंडला आले तेव्हा मी मुद्दाम वखारीवर आले. भर दुपार होती. तुम्ही पेंढ्यांच्या सावलीत बसला होता, एकटे, एकही गिऱ्हाईक नाही. मला बघून उठलात, चहा मागवलात. आणि मी बसल्याबसल्या विचारलं. इतकी वर्षं गिळलेलं होतं ते.

"आप्पा, एक सांगा. गिरणी तुम्ही माझी कीव येऊन सोडली का?"

तुम्ही काडीनं माती उकरायला लागलात.

"न्हाई, भाबी. कीव कशाची? मला तिथं बसवत न्हवतं."

"माझ्यामुळं?"

"तुमचा काय संबंध? इभ्राम गेल्यापास्नं त्या इंजिनाचा आवाज मला सोसंना. रोज सकाळी हँडल मारला का वाटायचं, आता आतनं वरडंल, आप्पा, जरा हळू. कवा वरडायचा न्हाई. आन् मी दिसभर त्याच आवाजात बसायचा." तुम्ही चहाचा पेला खाली ठेवलात. "मळ्यात हुतं तवा तेच इंजिन हुतं, काय वाटायचं न्हाई. पर आमी दोघांनी ते तिथं बशिवलं."

"मग आधी माझा वाटा का मागितलात? तेव्हाच सोडायचं."

"सोडून इभ्रामचं घर कसं चालायचं? म्हनलं, कुणी गडी ठिवू, आपुन लांबनं बघू. तर तुमीच यिऊन बसला. मंग तुमाला एकटं टाकून कसा उठू? तुमी मास्तराच्या ओसरीवर घेते म्हनला, आन् माझ्या छातीवरचा दगूड निघाला."

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. मी म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं तर मी तुमच्याशी इतकी वर्षं मनातल्या मनात भांडले नसते."

"कुणाला सांगू? इभ्रामच्या बायकूला?"

मग तुम्ही इकडंतिकडं बघून आवाज खाली आणलात. "वसंताला यातलं कळू दिऊ नका. त्याला वाटतंय, बापानं दोस्ताच्या बायकूवर उपकार केला. त्यो चिडतो, पर त्यात बापाची इज्जत हाय. नुसतं मन लागंना म्हणून हातातला धंदा सोडला म्हनलं, तर त्यो मला माफ करायचा न्हाई."

मी शब्द दिला. पण भांडण तसंच राहिलं आप्पा. मी तुम्हाला सांगणार होते की मला त्या इंजिनाचं नेमकं उलटं होतं. तुम्हाला ज्या आवाजात इब्राहिम नाहीत हे रोज कळायचं, त्याच आवाजात मला ते पलीकडच्या खोलीत आहेत असं वाटायचं. म्हणून मी गिरणी सोडली नसती, उपाशी मेले असते तरी. शकीलासाठी घेतली असं मी सगळ्यांना सांगितलं, स्वतःलाही. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? पुढच्या वेळी सांगू, म्हणून मी उठले. पुढची वेळ आली नाही. सुगी आली, शकीलाचं दुखणं आलं, आणि मग तो ट्रक आला.

दहा दिवस मी बहिणीकडं राहून रोज तुमच्या घरी गेले. अनुसयावहिनींच्या शेजारी बसायची. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. त्या एकदाच बोलल्या. "लई गप माणूस. संसारात मला काय सांगितलं न्हाई त्यांनी." आणि माझ्या तोंडाकडं बघितलं, मला काही माहीत आहे का ते शोधत. मी खाली बघितलं. त्यांना तरी सांगावं का, असं वाटलं. पण तुम्ही जे त्यांना सांगितलं नाहीत ते माझ्या तोंडून त्यांनी ऐकायचं, हे मला बरं दिसेना. एकदा त्यांनी माझ्यामुळं पुष्कळ सोसलं होतं.

दहाव्यानंतर मी परत निघाले. वसंता एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला आला. डोक्याचे केस काढलेले, त्यामुळं अगदी तुमच्यासारखा दिसत होता. गाडी लागल्यावर म्हणाला, "काकी, एक इच्यारू? लोकं म्हणत्यात, आप्पांनी तुमाला गिरणी उपकार म्हणून दिली. तुमी म्हणता, इकत घेतली. खरं काय?"

स्टँडवर माणसांची पळापळ चालली होती. माझ्या डोळ्यांपुढं माझ्या पाटल्या आल्या, सुगीमागून सुगी आली. आयुष्यात माझ्याकडं ताठ मानेनं सांगण्यासारखं तेवढंच आहे, आप्पा, की मी कुणाचं फुकट घेतलं नाही. तुम्हाला दिलेल्या शब्दापायी तेच आता द्यायचं होतं.

मी म्हणाले, "उपकारच केला त्यांनी, वसंता. पैसे दिले मी, पण ते देणं नावापुरतं. तुझ्या बापानं मनात आणलं नसतं तर मी रस्त्यावर आले असते."

मला वाटलं, त्याला बरं वाटेल, तुमचा अभिमान वाटेल. त्यानं माझी पिशवी उचलून गाडीत ठेवली. मग खिडकीशी येऊन म्हणाला, "मंग आमच्यावर कुणी करायचा हुता, काकी?"

चिडून नाही म्हणाला. नुसतं विचारलं. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली.

घरी आल्यावर तीन दिवस मी गिरणी उघडली नाही. बाया दारावरून परत गेल्या. चौथ्या दिवशी दौंडला जाणाऱ्या एकाजवळ मी वसंताला निरोप धाडला, इंजिनावर माणूस हवाय, ये; पगारावर नको असेल तर निम्म्या वाट्यानं ये. निरोप्या परत येऊन म्हणाला, त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि "बगतो" म्हणाला.

त्याला आता महिना होईल. तो आलेला नाही. मीच हँडल मारते.